मशीनवरची कवळी

माझा भाचा दातांचा डॉक्टर. त्याने दवाखान्याच्या मागच्या खोलीत दात छापायचं मशीन आणलं, तेव्हापासून मला घरात थांबवत नाही. सकाळचा चहा झाला की मी तिकडे जाऊन बसते. बसते म्हणजे काय, या खुर्चीवरून त्या खुर्चीवर करते. लहानशा फ्रिजएवढा डबा आहे तो. खाली ताटलीत दाट गुलाबी रस असतो. त्यावर उजेड पडला की केसाएवढा थर घट्ट होतो, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि जेवणवेळेपर्यंत कवळी उलटी लटकत वर येते. भाचा म्हणतो, "मावशी, तू बघत बसलीस म्हणून ते लवकर होणार नाही." तेवढं मलाही कळतं.

बघत बसावंसं वाटतं, कारण थरावर थर चढवून माणसाच्या तोंडात बसेल अशी वस्तू करायची, हाच माझा आयुष्यभराचा धंदा. मी ते मेणात केलं; मेणाच्या जागी शेवटी साच्यातून पक्कं गुलाबी प्लास्टिक यायचं. आता धंदाच बदललाय. पूर्वी मापासाठी तोंडात लगदा कोंबायचे, आता लेखणीएवढा कॅमेरा फिरवतात. कवळी हरवली तर पेशंटला पुन्हा मापाला यावं लागत नाही, फाईल असते, दुसरी छापायची. ज्यांनी मशीन घेतलं त्यांच्याकडे नांदेड-हिंगोलीहून काम येतंय आणि माझ्याबरोबर शिकलेल्यांची टेबलं धूळ खातायत. भाच्याने परवा बाहेर पाटी लावली: 'येथे मशीनवर तयार केलेल्या कवळ्या मिळतील.' ती वाचून मला आधी हसू फुटलं आणि मग राग आला. हे वाक्य मी फार पूर्वी परभणीतच ऐकलं होतं. तेव्हा ते धडधडीत खोटं होतं.

माझे वडील चुडावा स्टेशनवर रेल्वेत होते. मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. जेवायला बसले तरी गुडघा हलत असायचा, आणि आई हातातल्या पळीने त्यावर टोला द्यायची. मग मी शाळेत असताना विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या लोकांची घरं पेटली. आम्ही रेल्वेच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. आत्याचं घर गेलं. ती एक पितळी कळशी घेऊन आमच्याकडे आली, ती कायमचीच. त्यानंतर घरातलं कुणीच निवांत बसेना. बोलता बोलता सगळ्यांचा एक कान दाराकडे. आईने मला पळी मारायचं सोडून दिलं, कारण आता तिचाच पाय हलत होता.

बारावीनंतर औरंगाबादला कवळ्या, दात करायचा कोर्स केला. वर्गात मुली जवळजवळ नव्हत्याच. का गेले या धंद्यात असं लोक विचारतात, तर खरं कारण असं की, पहिल्या दिवशी गरम मेण बोटांवर आलं आणि माझा पाय थांबला. इतकंच. दिव्यावर सुरी तापवायची, मेणाचा थेंब उचलायचा, हिरडीवर ठेवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा थेंब. घाई केली तर सगळं ओघळतं. माझ्यासारख्या चुळबुळीला देवाने, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण जो कोणी असेल त्याने, हे काम द्यावं, ही गंमतच आहे.

नोकरी लागली परभणीला, स्टेशन रोडवरच्या एका दवाखान्यात. रोज चुडाव्याहून छोट्या लाईनीच्या गाडीने पूर्णेवरून यायचं. दवाखान्यात पुढे डॉक्टरांची खुर्ची, मधे प्लायवूडची भिंत, भिंतीला दाराऐवजी पडदा, आणि पडद्यामागे मी. डॉक्टर मनाने वाईट नव्हते. मला शिकवायचे, पगार थकवायचे नाहीत, माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत बोटं चाटून खायचे. पडद्याच्या आत.

एकदा पूर्णेकडच्या एका पेशंटने कवळी हातात उलटीपालटी केली आणि विचारलं, "डाक्टरसाब, हे करतंय कोण?" प्रश्न साधाच होता. पण आमच्याकडे 'कोण' या शब्दात काय काय भरलेलं असतं ते आमच्या लोकांना विचारा. वस्तू तोंडात जायची, जेवणाच्या घासाला लागायची. डॉक्टर जरा अडखळले आणि म्हणाले, "मशीनवर होते. मुंबईहून आणलंय मशीन." पेशंटने मान डोलावली आणि कवळी तोंडात घातली. आत माझी सुरी दिव्यावर धरलेली तशीच राहिली, मेणाचा वास जळका यायला लागला.

नंतर ते आत आले. "तुझ्या भल्यासाठीच बोललो. लोक कसे असतात ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे ना, सर," मी म्हणाले. "मी लोकांतलीच आहे."

ते पडदा सारून बाहेर गेले. पण मशीन हा शब्द त्यांना सापडला तो सापडलाच. कुणी न विचारताच सांगायला लागले. धंदाही वाढला, हे मी नाकारत नाही. मशीनची म्हटल्यावर जिंतूर, पालम कुठून कुठून लोक एस्टीने यायला लागले. माणसाच्या हातची वस्तू घ्यायला जे कचरत होते, ते मशीनपुढे बिनधास्त तोंड उघडून बसायचे. खरं मशीन आमच्याकडे एकच होतं, कवळी घासून चकचकीत करायची मोटार. ती चाकासारखी गरगर फिरायची आणि तिला त्यापलीकडे काही येत नव्हतं.

त्या वर्षांत बाहेर सगळा मराठवाडा एका नावासाठी भांडत होता. मीही रजा टाकून मोर्च्याला जायचे. घोषणा देऊन घसा बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यामागे जाऊन पुन्हा मशीन व्हायचं. गाडीत खिडकीशी बसून मी स्वतःशीच भांडायचे. पुण्याला निघून जावं, तिथे कुणी विचारत नाही. मग वाटायचं, आपण का जायचं? मला मोठं काही नको होतं. कुणीतरी एकाने कवळी आरशात बघावी, कुणी केली ते कळून घ्यावं, आणि कळल्यावरही ती तोंडात ठेवावी. एवढ्यासाठी मी तिथे तळमळत राहिले.

बोरीची एक आजी मापाला आली, ती मला अजून दिसते. दिसते म्हणजे तेव्हा दिसली नव्हती, नुसती ऐकू आली होती. घरची बरीच शेती, आवाजात जरब. डॉक्टर माप घेत होते आणि ती मधेच त्यांचा हात बाजूला करून बोलत होती. "पुढल्या दोन दातात फट व्हती बघा मला. हासले की नातवंडं म्हणायची, आजीचं दार उघडं राहिलं. आता दारबी न्हाई अन् भिंतबी न्हाई." आणि स्वतःच हसली. दात नसलेलं हसू नुसतं वाऱ्यासारखं ऐकू येतं.

डॉक्टर आत आल्यावर मी फटीचं विचारलं. ते म्हणाले, "छे, दात सरळ लाव. फट ठेवली तर लोक म्हणतील मशीन बिघडलं." मी मान हलवली. आणि फट ठेवली. समोरचे दोन दात थोडे दूर लावले, मधली हिरडी मेणाचा थेंब थेंब चढवून भरली, पुन्हा खरवडली, पुन्हा चढवली. ती फट नुसती मोकळी जागा दिसायला नको होती, जुनी, वापरातली दिसायला हवी होती. दुपारभर माझा पाय एकदाही हलला नाही.

कवळी बसवायच्या दिवशी मी पडद्याशी कान लावून बसले होते. मग आजीचा आवाज आला. तो आता बदलला होता, शब्दांना कडा आल्या होत्या.

"डाक्टरसाब, मशीनला कसं कळलं हे?"

डॉक्टरांनीही फट तेव्हाच पाहिली असावी. पण ते आता सरावले होते. "नवीन मशीन आहे, आजी. त्याला सगळं कळतं."

ती गेल्यावर त्यांनी पडदा बाजूला करून माझ्याकडे नुसतं बघितलं. मीही बघितलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे काय काय पुजत नाहीत? नांगर, ट्रॅक्टर, एस्टी, शिवणयंत्र, वजनकाटा. डॉक्टरांनीही आपले चिमटे-आरसे पाटावर मांडून फुलं वाहिली होती. मी अर्धं काम उरकून लवकर निघणार होते. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा धम्मदीक्षेचा दिवस. घरी पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली होती. तेवढ्यात बाहेर ओळखीचा आवाज आला.

"मशीनची पूजा करायला आलेय मी."

डॉक्टर म्हणाले, "कुठल्या मशीनची, आजी?"

"दातांच्या. ट्रॅक्टर पुजला, मोटार पुजली. म्हणलं, ज्यानं तोंडाला घास दिला ते राहिलंच की."

आणि पडदा सारून ती आतच आली. पहिल्यांदा मी तिला पाहिली. उंच, काटक, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे तिशीतला मुलगा, हातात ताट: हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. डॉक्टर तिच्यामागून धावत आले. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प बस म्हणून सांगितलं आणि घाईघाईने घासायची मोटार सुरू केली. ती गरगरायला लागली.

"हे बघा, आजी, हे मशीन."

"बंद करा, मला भ्या वाटायलंय."

बंद केली. आजीने मोटारीला कुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले. माझा गुडघा टेबलाखाली असा हलत होता की वरच्या बाटल्या किणकिणत होत्या. हात जोडलेले असतानाच आजीने मोटारीकडे वाकून बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"ह्याला कान कुठं हायेत?"

डॉक्टर म्हणाले, "मशीनला कान कसे असतील?"

"मग फटीचं ह्यानं कसं ऐकलं? मी तर तिकडं बोलले व्हते, खुर्चीत."

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. मला वाटतं त्यांनी आणखी एखादं खोटं रचलंही असतं, पण मला ते ऐकवणार नव्हतं. मी उठले.

"पडद्यातून ऐकू येतं, आजी. दात मी लावते. मशीन मीच आहे."

आजीने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. रिकाम्या कपाळावर तिची नजर थांबली. "कुठली गं तू?"

"चुडाव्याची."

"चुडाव्यात कुणाची?"

आला तो प्रश्न. मी वडिलांचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि तिला कोडं नको म्हणून पुढे सांगितलं, "आम्ही बौद्ध."

मुलाने ताट टेबलावर ठेवलं. "आई, चल. एस्टी चुकंल." आणि माझ्याकडे न बघता तो बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, लिंबाखाली पाठ करून उभा. मला तेव्हा असा संताप आला की ते ताट उचलून त्याच्या मागे फेकावं. आणि त्याच वेळी मी आजीच्या तोंडाकडे टक लावून होते. तिची जीभ आत हलत होती. फटीवरून फिरत होती. आता ती हात तोंडाशी नेणार आणि कवळी काढून टेबलावर ठेवणार, असं मला वाटलं. माझी सगळी दुपार तिथे टेबलावर पडणार.

"वरीस झालं की गं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशीच हिशेब केल्यासारखी. "एकादशीचे उपास ह्याच दातानं सोडले. नैवेद्याची पोळी ह्यानंच चाखली. देवानं तर काय म्हणलं न्हाई."

मग तिने ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या हाताकडे आली. मी हात मागे घेतला.

"मी कुंकू लावून घेत नाही, आजी. आम्ही ते मानत नाही. उद्या आमचाही सण आहे."

ती चिमूट धरून उभी. तिला नाही म्हणायची सवय तिच्या घरात कुणालाच नसणार. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"मग नारळ?" तिने विचारलं.

"नारळ चालतो."

"मशीनलाबी नखरे हायेत," ती म्हणाली, नारळ माझ्या हातात दिला, हातात, वरून टाकला नाही, आणि पदर सावरत बाहेर गेली. लिंबाखाली मुलाशी काय बोलली ते ऐकू आलं नाही.

डॉक्टर खुर्चीत बसले. "झालं. बोरीकडचे पेशंट गेले समज."

मी नारळ पिशवीत घातला आणि गाडी पकडली. त्याची चटणी आत्याने वाटली, दसऱ्याच्या जेवणात सगळ्यांनी खाल्ली. मी घरात कुणाला काही सांगितलं नाही, कारण मलाच कळत नव्हतं की काय झालं. मी जिंकले होते का? आजीने कवळी काढली नव्हती. पण घरी गेल्यावर विहिरीशी जाऊन ती घासली असेल, धुतली असेल, फेकली असेल, हे कोण सांगणार? पुढचे कितीतरी दिवस बोरीचं कुणी आलं नाही. बाहेर दाराचा आवाज झाला की माझी सुरी थांबायची. मेण ओघळायचं. डॉक्टर खोकायचे सुद्धा मोजून मापून.

मग दिवाळीनंतर एक बाई आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच मोठ्या आवाजात, म्हणजे पडद्याकडे तोंड करून, म्हणाल्या, "डाक्टरसाब, मी बोरीहून आलेय. आमच्या आत्याबाईनं सांगून धाडलंय. मशीनला म्हणावं, हिचा डाव्या बाजूचा सुळा जरा पुढं व्हता. ध्यानात ठेव म्हणावं."

मी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसले, आणि हसता हसता रडले. त्यानंतर बोरीहून येणारं प्रत्येक माणूस पडद्याकडे बघून बोलायचं. मशीनला म्हणावं, पहिल्यापेक्षा बारीक दात लाव. मशीनला म्हणावं, माझं तोंड वाकडं हाय. त्यांना सगळ्यांना माहीत होतं की फक्त आजीला, हे मला कधी कळलं नाही. आजीने माझी लाज राखली की स्वतःची, तेही नाही. मला नाव हवं होतं आणि मला मिळालं ते 'मशीन'. मायेने दिलेलं असलं तरी ते माझं नाव नव्हतं. रागही येत होता आणि बोरीचं काम हातात आलं की मी ते सगळ्यात जीव लावूनही करत होते. दोन्ही खरं आहे.

शेवटी मी डॉक्टरांना सांगून बाहेर पडले. छोटी खोली घेतली आणि दारावर पाटी लावली, माझं पूर्ण नाव, आडनावासकट. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच थंडीत. शेजारचा दुकानदार म्हणाला, आडनाव न्हाई टाकलं तरी चालतंय ताई. मी म्हणाले, मला नाही चालत. काम कमी आलं, पण आलं. आजी मात्र त्या खोलीत कधी आली नाही. थकली होती, असं लोक म्हणायचे.

हे सगळं भाच्याची पाटी वाचताना डोक्यात फिरत होतं, आणि काल एक म्हातारा माणूस काठी टेकत आत आला. पांढरी टोपी, गाल आत गेलेले.

"बोरीहून आलोय. इथं कवळ्या करत्यात म्हणं."

भाच्याने त्याला हौसेने मागे आणलं. "काका, हे बघा मशीन. उद्या दात घालून घरी जाल."

म्हाताऱ्याने डब्याकडे बघितलं. आत गुलाबी थर चढत होते. त्याने बराच वेळ बघितलं.

"हे न्हाई," तो म्हणाला. "आईचं मशीन येगळं व्हतं."

"ते जुनं असेल, काका. भंगारात गेलं असेल."

मी खुर्चीवरून उठले. मला बसवेना. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लिंबाखालची ती पाठ मला आठवली, आणि त्यालाही तेच आठवलं असावं, कारण त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आईनं शेवटापर्यंत दात काढू दिले न्हाईत," तो म्हणाला. "सरणावर ठेवताना मी काढाया गेलो, तर मोठी बहीण म्हणली, राहू दे, तिनं सांगून ठेवलंय. दात तोंडातच ठेवा म्हणाली व्हती."

भाचा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मग त्याने कॅमेरा उचलला, "चला काका, माप घेऊ." म्हातारा तसाच उभा राहिला.

माझे हात आता थरथरतात. मेणाचा थेंब धरवत नाही. दात भाच्याचंच मशीन करणार होतं, त्यात वाद नव्हता. पण हिरडी कशी झिजलीय ते बोटाने बघितल्याशिवाय मला कधीच चैन पडलं नाही. मी हात धुतले, हातमोजे चढवले.

"तुमच्याही पुढे फट होती का, दादा?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि त्याने माझ्यापुढे आ केला.